हॅरिसनबर्गची बढती

१८ नोव्हेंबर २०२३ चा शनिवार. व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्गमध्ये जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीची फुटबॉल टीम दहापैकी दहा मॅच जिंकून मैदानात उतरत होती, सकाळपासून ईएसपीएनचा गेमडे हा शो त्यांच्याच कॅम्पसवरून लाइव्ह चालू होता, अख्खा देश टीव्हीवर जांभळा रंग बघत होता, आणि त्याच्या तीनच दिवस आधी एनसीएएने, म्हणजे देशभरातल्या कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संस्थेने, युनिव्हर्सिटीचा अर्ज फेटाळून सांगितलं होतं की सीझननंतरच्या बोल गेमसाठी, म्हणजे चांगल्या खेळलेल्या टीमना मिळणाऱ्या जादा मॅचसाठी, तुम्ही पात्र नाही. कॉन्फरन्सची, म्हणजे ज्या कॉलेजांच्या गटात ही टीम खेळते त्या गटाची, फायनल तर आधीपासूनच बंद होती. कोणी पैसे खाल्ले नव्हते, कोणी परीक्षेत कॉपी केली नव्हती. टीम वर्षभरापूर्वी खालच्या विभागातून वरच्या विभागात आली होती आणि नव्याने वर आलेल्यांनी दोन वर्षं थांबायचं असा नियम होता, बस एवढंच.

आमची लेक तेव्हा जेएमयूमध्ये, म्हणजे याच जेम्स मॅडिसनमध्ये, सीनिअर होती आणि बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची. नॉर्दर्न व्हर्जिनियात राहणाऱ्या आपल्या मराठी घरांमध्ये मुलांच्या कॉलेजचा विषय निघाला की पहिल्यांदा यूव्हीए, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनिया, आणि व्हर्जिनिया टेकचं नाव येतं, हॅरिसनबर्गचं नाव बऱ्याच नंतर. पण तिला तिथलं वातावरण आवडलं, बँड आवडला, आणि २०२० ला ती गेली. तिची चार वर्षं म्हणजे नेमकी ती चार वर्षं, ज्यात या कॉलेजच्या फुटबॉलने घर बदललं. म्हणून ही गोष्ट मी इतक्या जवळून बघितली आणि म्हणून अजूनही ती डोक्यातून जात नाही.

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, अंडाकृती बॉलचा, हे बहुतेकांना माहीत असेलच. कॉलेजच्या फुटबॉलमधला सगळ्यात वरचा जो डिव्हिजन वन, त्याचेच परत दोन भाग आहेत, वरचा एफबीएस आणि खालचा एफसीएस. वरच्यात अलाबामा, ओहायो स्टेट, मिशिगन अशी लाखभर माणसं बसतील एवढी स्टेडियम असलेली कॉलेजं आणि त्यांच्याबरोबर मधल्या पातळीची बरीच. आता आपल्याला वाटतं की खालच्या विभागात जिंकलं की वर जायचं, म्हणजे रणजीत प्लेट ग्रुप जिंकलेली टीम पुढच्या वर्षी एलिटमध्ये जाते तसं. इथे तसं अजिबात नाही. तुम्ही खालच्या विभागात सलग दहा वर्षं चॅम्पियन झालात तरी कोणी तुम्हाला वर नेणार नाही. वर जायला वरच्या विभागातल्या एखाद्या कॉन्फरन्सचं आमंत्रण लागतं, ते आमंत्रण स्वीकारायला पैसा लागतो, जास्त स्कॉलरशिप द्याव्या लागतात, जेएमयू गेलं तेव्हाच्या नियमाने ६३ वरून ८५, आणि मग ती दोन वर्षांची वाट. एनसीएएला भरायची फी आधी फक्त ५ हजार डॉलर होती, ती २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एकदम ५० लाख डॉलर केली. जेएमयू तेव्हा आत येऊन गेलं होतं, पण मागून येणाऱ्यांसाठी दार किती जड झालं ते या एका आकड्यावरून कळतं.

हॅरिसनबर्ग आमच्या घरापासून दोनेक तासांवर आहे. आय ६६ ने पश्चिमेला जायचं आणि मग आय ८१ धरून दक्षिणेला. शेनन्डोआ व्हॅली, डाव्या हाताला डोंगर, शेतं, कोंबड्या आणि टर्कीचे लांबच लांब शेड, आजूबाजूच्या रॉकिंगहॅम काउंटीचा तो मोठाच धंदा आहे. आणि मग अचानक कॉलेज, हायवेच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं, निळसर दगडाच्या जुन्या इमारती एका बाजूला आणि नवा कॅम्पस दुसऱ्या बाजूला. गाव साधारण ५० हजारांचं आणि विद्यार्थी वीस हजारांच्या वर. अशा गावात शनिवारची मॅच म्हणजे काय असतं ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही, दुकानदार, शेतकरी, प्रोफेसर, सगळे जांभळ्या टीशर्टात, आणि टीमने पॉइंट केले की स्टँडमधून जांभळ्या-सोनेरी कागदी फिती हवेत उडतात. ब्रिजफर्थ स्टेडियममध्ये साधारण २५ हजार लोक बसतात. मोठ्या कॉलेजांच्या मानाने छोटं, पण भरलेलं असतं आणि भरलेलं २५ हजारांचं स्टेडियम हे अर्ध्या रिकाम्या ६० हजारांच्या स्टेडियमपेक्षा कधीही चांगलं, हे माझं ठाम मत आहे.

या कॉलेजचा इतिहास पण बघण्यासारखा आहे. १९०८ ला हे मुलींसाठी, शिक्षिका घडवायला सुरू झालं. मुलगे पूर्णपणे आले १९६६ नंतर, आणि फुटबॉल टीम निघाली १९७२ ला. म्हणजे ज्या खेळासाठी आज अख्खं खोरं शनिवारी थांबतं तो इथे आलाय कालपरवा. टीमचं नाव ड्यूक्स, ते सॅम्युअल पेज ड्यूक या कॉलेजच्या दुसऱ्या अध्यक्षांवरून.

आणि खालच्या विभागात ही टीम काय साधी होती का? २००४ ला चॅम्पियन झाले ते प्लेऑफच्या चारही मॅच घराबाहेर जिंकून, फायनलला मोंटानाला ३१-२१ हरवलं. २०१० ला ब्लॅक्सबर्गमध्ये जाऊन व्हर्जिनिया टेकला २१-१६ हरवलं, वरच्या विभागातल्या रँकिंगवाल्या टीमला त्यांच्याच घरात. मोठी कॉलेजं अशा मॅच ठेवतात त्या खालच्या विभागाच्या टीमला ठरावीक पैसे देऊन, स्वतःच्या खात्यात एक सोपा विजय जमा करायला, त्यामुळे असा निकाल लागला की गावात वर्षानुवर्षं त्याचीच चर्चा. पण माझ्या मते सगळ्यात मोठी मॅच २०१६ च्या डिसेंबरची सेमीफायनल. नॉर्थ डकोटा स्टेट ही टीम सलग पाच वर्षं चॅम्पियन होती आणि फार्गोमधल्या त्यांच्या बंद स्टेडियममध्ये प्लेऑफची मॅच जिंकून येणं म्हणजे जवळजवळ अशक्य समजायचे, तिथे जाऊन जेएमयू २७-१७ जिंकले, मग टेक्सासमध्ये फ्रिस्कोला फायनलमध्ये यंग्सटाउन स्टेटला २८-१४. पुढच्याच वर्षी त्याच नॉर्थ डकोटाने फायनलला १७-१३ ने बदला घेतला, २०१९ च्या सीझनच्या फायनलला परत तेच, २८-२०. आणि २०२१ ला, लेकीच्या दुसऱ्या वर्षी, सेमीफायनलला फार्गोमध्येच २०-१४. ती रात्र तिच्या मैत्रिणींनी रडून काढली असं ती सांगते. खालच्या विभागातली त्यांची शेवटची मॅच ती.

मला त्या खालच्या विभागाबद्दल खूप आदर आहे, आणि तो असायला हवा असं मी प्रत्येकाला सांगतो. तिथे २४ टीमची नॉकआउट स्पर्धा होते, थंडीत, बर्फात, कधी कॉलेजच्या परीक्षांच्या आठवड्यात, आणि जो शेवटपर्यंत टिकेल तो चॅम्पियन. कमिटीने चार नावं काढली आणि बाकीच्यांनी घरी बसा असं नाही. वरच्या विभागात २०२३ पर्यंत शंभराच्या वर टीममधून प्लेऑफला फक्त चार जायच्या, आणि चार टीमच्या त्या सगळ्या दहा वर्षांत छोट्या कॉन्फरन्समधून तिथे पोचली एकच टीम, २०२१ ची सिनसिनाटी. म्हणजे जेएमयूने वर जाताना जे सोडलं ते काय होतं तर दरवर्षी खरोखरच चॅम्पियन व्हायची संधी. आणि घेतलं काय, तर एखादा बोल गेम, टीव्हीवर जास्त दिसणं, आणि मोठ्यांच्या रांगेत बसणं.

मग का गेले? कारण थांबणं पण शक्य नव्हतं. आजूबाजूची टीम एकेक करून जात होती. ॲपलेशियन स्टेट, जॉर्जिया सदर्न, ओल्ड डोमिनियन, ज्यांच्याशी खेळायची सवय होती ते सगळे आधीच वर गेलेले. चांगले खेळाडू वर ओढले जात होते. हॅरिसनबर्गमध्ये दहाएक वर्षं ही चर्चा चालू होती, अहवाल निघाले, लोक भांडले, एक पिढी म्हणायची आत्ताच चला, दुसरी म्हणायची इथे राजासारखे आहोत, तिथे जाऊन कोणाच्या दारात उभं राहायचं. शेवटी २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये सन बेल्ट कॉन्फरन्सचं आमंत्रण घेतलं, राज्याच्या समितीची परवानगी घेऊन, कारण व्हर्जिनियात सरकारी कॉलेजला असं परस्पर वर जाता येत नाही. ॲपलेशियन, मार्शल, ओल्ड डोमिनियन, सगळे बसने जाता येईल अशा अंतरावरचे जुने ओळखीचे. माझ्या मते निर्णय बरोबर होता. गाव तयार होतं, टीम तयार होती, आणि जिथे आपले जुने प्रतिस्पर्धी आहेत तिथे जाण्यात शहाणपण होतं.

पण जी किंमत मोजली गेली ती कोणी मोजली, इथे माझा जीव अडकतो.

पहिली किंमत तर फुटबॉलवाल्यांनी मोजलीच नाही. जेएमयू निघतंय म्हटल्यावर त्यांच्या जुन्या सीएए कॉन्फरन्सने आपल्या नियमावर बोट ठेवलं आणि उरलेल्या वर्षात जेएमयूच्या टीमना कॉन्फरन्सच्या स्पर्धा बंद केल्या. बास्केटबॉल, सॉफ्टबॉल, सगळं. अशा छोट्या कॉन्फरन्समध्ये ती स्पर्धा जिंकली तरच राष्ट्रीय स्पर्धेचं थेट तिकीट मिळतं, तेच बंद. आणि हे केव्हा, तर त्याच्या आधीच्याच उन्हाळ्यात, २०२१ ला, जेएमयूच्या सॉफ्टबॉलच्या मुली ओक्लाहोमा सिटीत महिला कॉलेज वर्ल्ड सिरीजला पोचल्या होत्या, पहिल्याच मॅचला एक नंबरच्या ओक्लाहोमाला ४-३ हरवलं होतं, आणि ओडिची अलेक्झांडर ही त्यांची पिचर आठवडाभर देशातल्या खेळाच्या प्रत्येक बातमीत होती. मुलींसाठी उघडलेल्या कॉलेजात, मुलांच्या फुटबॉलच्या बढतीचं पहिलं बिल मुलींच्या टीमच्या नावाने पण फाडलं गेलं. त्या मुलींनी कुठल्याही कागदावर सही केली नव्हती. त्यातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलींचं तर खेळाडू म्हणून आयुष्यच तिथे संपलं, पुढे काय, नोकरी आणि लग्न आणि घराचे हप्ते. मला याचा अजूनही राग येतो. कॉन्फरन्सला नुकसानभरपाई हवी असेल तर ती कॉलेजकडून पैशात घ्यावी ना, वीस-एकवीस वर्षांच्या मुलींचा मोसम कशाला घ्यायचा.

मग २०२२. वरच्या विभागातली पहिलीच मॅच मिडल टेनेसीशी, ४४-७. तिसऱ्या मॅचला ॲपलेशियन स्टेट, त्यांच्याच डोंगरावर. हे ॲपलेशियन म्हणजे २००७ ला मिशिगनमध्ये जाऊन मिशिगनला ३४-३२ हरवणारं, तेव्हा ते पण खालच्याच विभागात होतं. तिथे जेएमयू ३-२८ ने मागे पडले, आणि तिथून ३२-२८ जिंकले. मी ती मॅच घरी टीव्हीवर बघत होतो, हाफटाइमच्या आधी बायको म्हणाली की बंद करा आता आणि जेवायला बसा, आणि मग जेवण राहिलं ते राहिलंच. पाच मॅच सलग जिंकले आणि एपी या वृत्तसंस्थेच्या देशभरातल्या रँकिंगमध्ये २५ वे आले, बढतीच्या पहिल्याच वर्षी हे याआधी कोणालाच जमलं नव्हतं. सीझन संपला ८-३ वर, शेवटच्या मॅचला कोस्टल कॅरोलिनाला ४७-७. सन बेल्टच्या पूर्व गटात कोस्टलच्या बरोबरीने हेच पहिले, पण फायनलला गेलं कोस्टल, ज्यांना यांनी चाळीसने हरवलं होतं ते.

२०२३ ला तर त्याहून पुढे. शार्लट्सव्हिलला जाऊन यूव्हीएला ३६-३५ हरवलं. मग एकेक करत दहा. गावात लोकांनी अर्ज केले, पत्रं लिहिली, राज्याच्या ॲटर्नी जनरलनेसुद्धा एनसीएएला पत्र पाठवलं की खटला भरू. उत्तर आलं ते ‘नाही’ असंच. आणि त्या १८ नोव्हेंबरला, गेमडेच्या दिवशी, ॲपलेशियनने ओव्हरटाइममध्ये २६-२३ ने हरवलं. मी स्टँडमध्ये होतो. लेक खाली बँडच्या ओळीत. हरल्यावर कोणी उठून गेलं नाही बराच वेळ, आणि माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, मोंटानाच्या फायनलला पण ते गेले होते म्हणे, ते एवढंच म्हणाले की या पोरांना अजून एक मॅच मिळायला हवी होती. तीच गोष्ट मला लागून राहिली. त्यांना चॅम्पियनची रिंग नको होती, ट्रॉफी नको होती, अजून एक मॅच.

ती शेवटी मिळाली, पण कशी, तर बोलसाठी लागतात तेवढ्या सहा मॅच जिंकलेल्या टीमच कमी पडल्या आणि बोलच्या जागा रिकाम्या राहिल्या म्हणून. त्याच वर्षी वर आलेल्या जॅक्सनव्हिल स्टेटलाही तशीच मिळाली. सीझनमध्ये अकरा मॅच जिंकलेल्या टीमला उरलेल्या पानावर वाढलं. फोर्ट वर्थला आर्म्ड फोर्सेस बोल, एअर फोर्सशी, ३१-२१ ने हरले, आणि तोपर्यंत कोचही राहिला नव्हता. कर्ट सिग्नेटी, जेएमयूमध्ये ५२ विजय आणि फक्त ९ पराभव, तो नोव्हेंबर संपताना इंडियाना युनिव्हर्सिटीला निघून गेला, आणि त्याच्या मागे बरेचसे खेळाडू.

त्यावर गावात खूप वाईट बोललं गेलं, पण मी त्या पोरांना दोष देत नाही. एडन फिशर, मिकेल कमारा, इलायजा सॅरट, डीअँजेलो पाँड्स, ही सगळी हॅरिसनबर्गची मुलं. इंडियाना तेव्हा मोठ्या कॉलेजांच्या इतिहासात सगळ्यात जास्त वेळा हरलेली टीम होती. आणि दोनच वर्षांत, २०२६ च्या जानेवारीत, तीच टीम मायामीला २७-२१ हरवून एकही मॅच न हरता राष्ट्रीय चॅम्पियन झाली, त्या टीममध्ये ही चौघंही होती. जिथे जिंकलं तर पुढे जाता येतं तिथे ती गेली. आमच्या घरी त्या रात्री आम्ही इंडियानासाठी ओरडत होतो, इंडियानाशी आमचा काडीचा संबंध नसताना.

एनसीएएची बाजू मला माहीत आहे आणि ती अगदीच पोकळ नाही. प्रत्येक कॉलेजने उठून वर उडी मारू नये, आधी स्कॉलरशिप, डॉक्टर, अभ्यासाची सोय, हे सगळं नीट बसवावं, मगच बक्षिसाला हात घालावा, असा विचार. आयडाहोचं उदाहरण समोर आहे, वर जाऊन वीसेक वर्षं काढली, झेपलं नाही, २०१८ ला परत खाली आले. आणि पैशाचा प्रश्न खरोखर गंभीर आहे. जेएमयूसारख्या ठिकाणी खेळांच्या बजेटचा मोठा हिस्सा विद्यार्थ्यांच्या फीमधून येतो, मॅचला कधीही न जाणाऱ्या मुलांच्याही. व्हर्जिनियाने त्यावर २०१५ मध्ये कायदाच केला, खालच्या विभागात खेळत असाल तर फीचा वाटा ७० टक्क्यांपर्यंत चालेल, वर जाऊन मधल्या कॉन्फरन्समध्ये असाल तर ५५ टक्के. हा कायदा मला फार शहाणपणाचा वाटतो. कारण तो संस्थेला धरतो. वर जायचंय, जा, पण पैसा बाहेरून उभा करून दाखवा.

दोन वर्षांचा नियम मात्र चुकीच्या माणसाला धरतो. अध्यक्ष राहतात, संचालक राहतात, स्टेडियम राहतं, त्यांच्यासाठी दोन वर्षं म्हणजे एका फाइलचा प्रवास. खेळाडूकडे असतातच चार-पाच वर्षं, त्यातलं एखादं दुखापतीत जातं, एखादं बेंचवर, आणि उरलेली दोन तुम्ही प्रोबेशनमध्ये घेता. २०२० ला आलेल्या मुलांचं बघा. पहिलं वर्ष कोविडचं, तेव्हा मॅच शरद ऋतूत झाल्याच नाहीत, पुढे वसंतात ढकलल्या. दुसऱ्या वर्षी फार्गो. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी बंदी. आमची लेक २०२४ च्या मे महिन्यात पास झाली आणि त्याच वर्षीच्या सीझनपासून टीमला सगळे हक्क मिळाले.

आणि मग जे झालं ते भराभर झालं. नवीन कोच बॉब चेस्नी आला. २०२४ ला नॉर्थ कॅरोलिनाला त्यांच्या घरात ७०-५०, हा बास्केटबॉलचा स्कोअर नाही, फुटबॉलचाच. वर्षाच्या शेवटी बोका रेटनला वेस्टर्न केंटकीला हरवून पहिला बोल जिंकले. २०२५ ला सन बेल्टची फायनल ट्रॉयला ३१-१४ हरवून जिंकली आणि बारा टीमच्या राष्ट्रीय प्लेऑफमध्ये पोचले, बाराव्या नंबरवर. ऑरेगनने त्यांच्या घरात ५१-३४ ने हरवलं, हाफटाइमलाच मॅच गेली होती. दुसऱ्या दिवसापासून मोठमोठे लोक टीव्हीवर म्हणायला लागले की असल्या टीमना घेताच कशाला. मला ते ऐकवत नव्हतं. ३४ पॉइंट केलेत त्या पोरांनी, ऑरेगनवर, आणि बहुतेक सगळे दुसऱ्या हाफमध्ये, सगळं संपलेलं असताना. सामना संपल्यावर चेस्नीसुद्धा यूसीएलएला गेला, ते आधीच ठरलं होतं. चढणाऱ्या टीमचा कोच टिकत नाही, हे आता गावाने स्वीकारलंय.

लेक म्हणते बाबा, तुम्ही उगाच आमच्या बॅचसाठी वाईट वाटून घेता, आम्ही गेमडे बघितला, आम्ही ॲपलेशियनला २५ पॉइंट मागून हरवताना बघितलं, आमच्या आधीच्या कोणी बघितलंय का. तिचं खरं आहे, तिच्या पुरतं. ती बँडमध्ये होती आणि बँडला पुढेही वाजवता येतं, कुठेही. पण टीमच्या पुढच्या फळीतला जो लाइनमन त्या दोन सीझनमध्ये दर शनिवारी आपटत राहिला आणि ज्याच्यासाठी कोणी इंडियाना उभं नव्हतं, त्याच्या बाजूने मी बोलत राहणार.

डेलावेअर आणि मिझुरी स्टेट २०२५ ला वर आले, तोच दोन वर्षांचा नियम, आणि परत बोलच्या जागा उरल्या म्हणून दोघांनाही पहिल्याच वर्षी खेळायला मिळालं. म्हणजे नियम आहे, पण टीम कमी पडल्या की नाही. मग तो काढून टाकायला काय हरकत आहे? एनसीएएला कॉलेजची परीक्षाच घ्यायची असेल तर हिशेब तपासा, स्कॉलरशिप मोजा, ५० लाखांची फी घेताच आहात ती घ्या, वाटल्यास दोन वर्षं प्लेऑफच्या पैशातला वाटा देऊ नका. डिसेंबरची मॅच मुलांना खेळू द्या, आणि जुन्या कॉन्फरन्सनी निघून जाणाऱ्या कॉलेजच्या मुलींना स्पर्धेबाहेर काढणं बंद करावं, यातलं कुठलंही काम एका बैठकीत होण्यासारखं आहे.